दौंड जंक्शनभोवतीच्या राजवटी : अधिकारशाहीच्या वर्गीकरणाविषयी

जगातील राजवटींची मोजदाद करणाऱ्या राज्यशास्त्रज्ञांच्या कोष्टकात प्रत्येक देशाला प्रत्येक वर्षासाठी एकच रकाना मिळतो, आणि त्या रकान्यात लोकशाही, लष्करशाही, एकपक्षीय राजवट किंवा राजेशाही यांपैकी एखादी खूण करून अभ्यासक पुढच्या वर्षाकडे वळतो. ही पद्धत सोयीची आहे, कारण तिच्यामुळेच अनेक देशांची अनेक दशके एकमेकांशेजारी ठेवून लष्करशाही लवकर का कोसळते किंवा एकपक्षीय राजवट दीर्घकाळ का टिकते, असे प्रश्न विचारता येतात. परंतु राजधानी पाहून केलेली खूण त्याच देशातील शिरूर किंवा दौंडसारख्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाच्या अनुभवाला कितपत लागू पडते, हा प्रश्न वर्गीकरणाच्या ग्रंथांत बहुधा बाजूलाच राहतो. प्रस्तुत व्याख्यानाचा रोख असा की, सत्ता कोणाच्या हाती आहे यापेक्षा त्या सत्तेला कोण, कोठे आणि कोणत्या टप्प्यावर अडवू शकतो, हे विचारल्याने अधिकारशाहीचे प्रकार अधिक नेमके ओळखता येतात. आणि त्यासाठी लागणारा पुरावा घोडनदी आणि भीमा यांच्या काठच्या या मुलखात व त्याच्या आसपास विपुल आहे.

‘अधिकारशाही’ ही संज्ञा आज सरसकट वापरली जात असली, तरी शास्त्रीय परिभाषेत ती तुलनेने नवी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अभ्यासकांचे सारे लक्ष हिटलर आणि स्टालिन यांच्या राजवटींकडे लागले होते. हॅना आरेंट यांचा सर्वंकष सत्तेवरील ग्रंथ १९५१ मध्ये आला, आणि १९५६ मध्ये कार्ल फ्रीडरिक व झ्बिग्न्येव ब्रझेझिन्स्की यांनी अशा राजवटीची सहा लक्षणे सांगितली: सर्व जीवन व्यापणारी विचारप्रणाली, एकच पक्ष, दहशत बसवणारे पोलीस, प्रचारसाधनांची मक्तेदारी, शस्त्रांची मक्तेदारी आणि केंद्राच्या मुठीतील अर्थव्यवस्था. जगाची विभागणी मग लोकशाही आणि सर्वंकष सत्ता अशा दोनच कप्प्यांत होऊ लागली. स्पेनमध्ये जनरल फ्रँको यांची राजवट यांपैकी कोणत्याच कप्प्यात बसत नव्हती, आणि ती बसवण्याचा खटाटोप सोडून तिच्यासाठी तिसरा कप्पा मांडण्याचे श्रेय हुआन लिंझ यांच्या १९६४ च्या निबंधाला जाते.

लिंझ यांच्या मते अधिकारशाहीत चार गोष्टी आढळतात. पहिली, मर्यादित बहुविधता, म्हणजे चर्च, सैन्य, व्यापारी, जमीनदार अशा काही गटांना सत्ताधाऱ्यांच्या मर्जीने का होईना, स्वतःचे अस्तित्व राखता येते, मात्र ते लोकांना जबाबदार नसतात. दुसरी, रेखीव विचारप्रणालीऐवजी एक ढोबळ मनोवृत्ती: शिस्त, देश, परंपरा, कुटुंब अशा शब्दांभोवती घोटाळणारी. तिसरी, लोकांना सतत रस्त्यावर न उतरवणे. उलट त्यांनी घरी बसावे, शेतीभाती पाहावी आणि राजकारणाच्या वाटेस जाऊ नये, हीच अपेक्षा. चौथी, सत्ता एका नेत्याच्या किंवा लहान गटाच्या हाती असते, तिच्या मर्यादा कागदावर धूसर असतात, पण व्यवहारात कोठवर मजल मारता येईल याचा अंदाज जाणत्यांना असतो. चौथे लक्षण वरवर किरकोळ वाटते. तथापि अशा राजवटीत जगणाऱ्या माणसाचे अर्धे शहाणपण हा अंदाज बांधण्यातच खर्ची पडते.

या वर्णनाचे उदाहरण मराठी माणसाला स्पेनपर्यंत जाऊन शोधावे लागत नाही. पोर्तुगालमध्ये १९२६ च्या लष्करी उठावानंतर सत्तेजवळ आलेले आणि १९३२ पासून पंतप्रधान असलेले आंतोनियू द ओलिव्हैरा सालाझार हे कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना प्रचंड सभांचे वेड नव्हते, गणवेशाचा सोस नव्हता, आणि १९३३ च्या संविधानाने उभ्या केलेल्या ‘नव्या राज्यात’ राष्ट्रीय संघ हीच काय ती मान्यताप्राप्त राजकीय संघटना असली तरी देश ती चालवत नसे, नोकरशाही चालवीत असे. गोव्याच्या वाट्याला या राजवटीचे आणखी कडक रूप आले. १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींच्या रहिवाशांचे दुय्यम स्थान लेखी स्वरूपात पक्के केले, तेव्हा लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये गोव्याच्या शासकीय मंडळात उभे राहून स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. असे मंडळ होते, त्यात असे बोलता येत होते, हे मर्यादित बहुविधतेचे लक्षण. आणि त्या बोलण्याने कायद्याचा एक शब्दही बदलला नाही, हे त्या बहुविधतेचे मोल.

पूर्वतपासणीचा जाच तर असा होता की वर्तमानपत्रांबरोबर लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी मंजूर करून घ्यावी लागे. लग्नपत्रिकेत राजद्रोह कितीसा मावणार, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाला सरकारची वाट तुडवायला लावणे, एवढाच त्या नियमाचा उपयोग, आणि तो पुरेपूर साधला जात असे. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे राममनोहर लोहिया यांच्या सभेनंतर चळवळ पेटली, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले, आणि पुढे मोहन रानडे यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला तरी रानडे यांची लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटका व्हायला १९६९ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, १९५१ मध्ये, संविधानात दुरुस्ती होऊन गोवा ‘वसाहत’ न राहता ‘सागरपार प्रांत’ झाला होता. १९५५ च्या मे महिन्यात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांच्याबरोबर पुण्याहून गेलेल्या सत्याग्रहींच्या पाठीवर या नव्या नावाच्या प्रांतातही लाठ्याच बसल्या.

गोवा हे एकटे उदाहरण नव्हे. १९४० च्या सुमाराचा दौंड जंक्शनभोवतीचा नकाशा समोर ठेवला, तर अधिकारशाहीचे निरनिराळे नमुने रेल्वेच्या एकेका फाट्यावर लटकलेले दिसतात. खुद्द दौंड मुंबई इलाख्यात होते. तेथे १९३५ च्या कायद्यानुसार मर्यादित मताधिकारावर निवडून आलेले बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते. त्याने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला, आणि कायद्याच्या ९३ व्या कलमाखाली सारा कारभार गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हाती गेला. कायदेमंडळ गेले, न्यायालये राहिली, मामलेदार कचेरी तर जशीच्या तशी राहिली. दौंडहून सोलापूरकडे जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरून पुढे गेले की लातूरच्या वाटेवर निजामाचे राज्य लागे. मनमाडच्या फाट्याने गेले तरी पुढे औरंगाबादच्या बाजूला तेच. पश्चिमेला, आजच्या पुणे जिल्ह्यातच, भोर हे संस्थान होते. साताऱ्याकडे औंध होते. एकाच भाषेची, बहुतेक सारख्याच पिकांवर जगणारी आणि एकाच विठोबाला जाणारी माणसे एवढ्या पट्ट्यात पाच-सहा तऱ्हांच्या सत्तांखाली नांदत होती.

यांपैकी हैदराबादचे संस्थान अभ्यासकाला अधिक काळ थांबवून ठेवते. माक्स वेबर यांनी परंपरागत सत्तेचे वर्णन करताना एक प्रकार असा सांगितला आहे की त्यात राज्य आणि राजाची खासगी मालमत्ता यांत फरक उरत नाही, नोकरशहा हे राजाच्या घरचे चाकर असतात. आणि राजाची लहर हाच नियम झाला की वेबर त्या टोकाला ‘सुलतानशाही’ म्हणतात. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राज्यात नियमबद्ध कारभार आणि अशी खासगी सत्ता शेजारी शेजारी होत्या: एकीकडे दिवाणी मुलूख, जेथील महसूल राज्याच्या खजिन्यात जाई आणि जेथे नियमाने चालणारी बऱ्यापैकी तयार नोकरशाही होती, आणि दुसरीकडे ‘सर्फ-ए-खास’ म्हणून ओळखला जाणारा खासगी मुलूख, जेथील महसूल निजामाच्या स्वतःच्या तिजोरीत पडे. म्हणजे एका राज्यातल्या एका गावचा शेतकरी राज्याला सारा भरीत होता आणि दुसऱ्या गावचा शेतकरी एका माणसाला. राजकीय हालचालींवर मात्र दोन्हीकडे सारखाच पहारा होता; सभेला आधी परवानगी घ्यायला लावणारे ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक मराठवाड्याच्या आठवणीत अजून आहे, आणि स्वामी रामानंद तीर्थ ज्या स्टेट काँग्रेसचे पुढे नेते झाले, तिच्यावर १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बंदी आली. संस्थानाच्या शेवटच्या वर्षी रझाकारांची सशस्त्र संघटना कासिम रझवी यांच्या हाताखाली अशी वाढली की निजामाची सत्ता निजामाच्या हाती कितपत आहे हेच कळेनासे झाले. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईने तो प्रश्न मिटवला.

औंधची गोष्ट उलट्या दिशेची. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या साह्याने व गांधीजींच्या सल्ल्याने, १९३९ च्या जानेवारीत ग्रामपंचायतींवर उभारलेले संविधान लागू करून स्वतःचा अधिकार आपण होऊन कमी केला. वंशपरंपरागत राजा आहे म्हणून कोष्टकात त्याला राजेशाहीच्या रकान्यात टाकावे, तर शेजारच्या इलाख्यात निवडून आलेले सरकार नसताना येथे गावकरी आपल्या पंचायती निवडत होते. सत्ता कोणाची, या प्रश्नाचे उत्तर औंध आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी ‘राजाची’ असेच येते. ती अडते कोठे, असे विचारले की दोन्ही राज्ये एकमेकांपासून दूर सरकतात.

ही सारी विविधता आजच्या नामांकित कोष्टकांत जवळजवळ दिसत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे: ती स्वतंत्र देशांची कोष्टके आहेत. बार्बरा गेडेस यांनी १९९९ मध्ये मांडलेले आणि पुढे जोसेफ राइट व एरिका फ्रँट्झ यांच्यासह वाढवलेले वर्गीकरण १९४६ पासून सुरू होते. त्यात भारतीय संस्थानांना जागा नाही आणि गोवा पोर्तुगालच्या पोटात गडप होतो. गेडेस यांचा मूळ प्रश्न ‘निर्णय कोण घेतो’ हा आहे. लष्करी अधिकाऱ्यांचा गट घेत असेल तर लष्करशाही, पक्ष घेत असेल तर एकपक्षीय, एकटा माणूस घेत असेल आणि सैन्य व पक्ष त्याच्या खिशात असतील तर व्यक्तिकेंद्री. या विभागणीतून त्यांनी काढलेला निष्कर्ष मोलाचा आहे: लष्करी राजवटी अल्पायुषी ठरतात, कारण सैन्यात फूट पडण्यापेक्षा बराकीत परतणे अधिकाऱ्यांना परवडते; पक्षाच्या राजवटीत नाराजांनाही पक्षातच राहणे फायद्याचे असते, म्हणून ती टिकते; आणि व्यक्तिकेंद्री राजवटीचा शेवट पुष्कळदा रक्तपातात होतो. होझे अँतोनियो चेइबूब, जेनिफर गांधी आणि जेम्स व्हरीलँड यांनी २०१० मध्ये राजेशाही, लष्करी आणि नागरी अशी आणखी सुटसुटीत विभागणी केली. कोष्टके जितकी सुटसुटीत, तितकी ती राजधानीपुरती खरी, एवढे ध्यानात ठेवून ती वापरली तर तक्रारीचे कारण नाही.

परकी सत्तेचे काय, हा प्रश्न मात्र त्यामुळे अधांतरी राहतो, आणि शिरूरच्या इतिहासात तो ठळक आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडे दख्खनचे कमिशनर म्हणून महसूल, न्याय आणि पोलीस हे सर्व अधिकार एकवटले होते; अशा सत्तेला निरंकुश म्हणण्यास हरकत नसावी. पण ही निरंकुशता कागदाने चालणारी होती, आणि कागदाची अडचण अशी की तो दोन्ही बाजूंना वाचता येतो. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावात सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून देशमुखांच्या घराचा लिलाव करायला घेतला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला: शेतात मजूर जाईना, न्हावी, पाणक्या त्यांच्या घरी फिरकेनात. लोण आसपासच्या गावांत पसरले, आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला. दंगेखोरांनी माणसे मारण्यापेक्षा रोखे आणि खतपत्रे हिसकावून जाळण्यावर भर दिला. आपल्यावरची सत्ता कोणत्या वस्तूत साठवली आहे, याचे त्यांचे निदान नेमके होते. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक होऊन ५०१ जणांना शिक्षा झाल्या, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, ज्यामुळे न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला.

येथे एक भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. १८७९ चा कायदा ज्या मंडळात झाला, त्यात एकही लोकनियुक्त सभासद नव्हता. तरीही रयतेच्या उद्रेकाची दखल घेतली गेली. सरकारने लोकांच्या दुःखाला प्रतिसाद देणे आणि सरकार लोकांना उत्तरदायी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकारशाही राजवट अनेकदा पहिली गोष्ट करते, आणि पुष्कळ वेळा चांगली करते, म्हणूनच ती टिकते. दुसरी ती करीत नाही. प्रतिसाद मिळतो तेव्हा तो उपकार म्हणून मिळतो, आणि उपकार करणाऱ्याविषयी श्रद्धाही उपजते. शिरूरच्या छावणीत १८०९ मध्ये वारलेले कर्नल विल्यम वॉलेस यांच्या थडग्यावर शिरूर व आसपासच्या गावांतले शेतकरी सुगीचे पहिले धान्य नैवेद्य म्हणून आणत आणि त्यांना ‘सत्पुरुष’ म्हणत, अशी नोंद इंग्रजी गॅझेटिअरात आहे. वेबर जिला व्यक्तीच्या तेजावर उभी राहिलेली अधिमान्यता म्हणतात, तिचा याहून चमत्कारिक दाखला सहसा मिळणार नाही.

शीतयुद्ध संपल्यावर वर्गीकरणापुढे नवीच अडचण उभी राहिली: निवडणुका होतात, विरोधी पक्ष असतात, वर्तमानपत्रे निघतात, आणि तरीही सत्ताधारी हरत नाहीत, अशा राजवटी जगभर दिसू लागल्या. अँड्रियास शेडलर यांनी त्यांना निवडणुकी अधिकारशाही म्हटले. स्टीव्हन लेव्हिट्स्की आणि लुकन वे यांनी २००२ मध्ये ‘स्पर्धात्मक अधिकारशाही’ ही कल्पना मांडताना चार आखाडे सांगितले, जेथे विरोधकांना अजून झुंज देता येते: निवडणूक, विधिमंडळ, न्यायालय आणि वृत्तपत्रे. कुस्ती खरी, पण माती एका बाजूला उतरती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ही कल्पना १९९० नंतरच्या देशांसाठी घडवलेली असली तरी तिच्या साहाय्याने भारतातील आणीबाणीचे विश्लेषण चांगले होते, कारण ती एका खुणेवर न थांबता आखाडा-आखाड्याने पाहायला लावते.

२५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत अशांततेचे कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली. विधिमंडळाचा आखाडा सर्वांत आधी संपला: विरोधी खासदार स्थानबद्ध, लोकसभेची मुदत वाढवलेली, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानाचा मोठा भाग फिरवलेला. आणीबाणीची नंतर चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या आकड्यांप्रमाणे मिसा हा स्थानबद्धतेचा कायदा आणि भारत संरक्षण नियम यांखाली मिळून १,१०,८०६ माणसे अटकेत होती. पुण्याजवळचे येरवडा कारागृह राजबंद्यांनी भरले. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली, परंतु मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तपासणी अधिकाऱ्याचे हुकूम रद्द ठरवले. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागता येते असा निर्वाळा दिला, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो निर्वाळा उलटवला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष असलेले केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना अध्यक्ष दुर्गा भागवत जयप्रकाश नारायण यांच्या बाजूने बोलल्या, आणि त्यांना अटक झाली ती पुढच्या वर्षी. लिंझ यांनी सांगितलेली धूसर पण अंदाज बांधता येणारी मर्यादा हीच.

तालुक्याच्या पातळीवर मात्र आणीबाणी न्यायालयाच्या किंवा संमेलनाच्या रूपाने पोहोचली नाही, ती उद्दिष्टाच्या रूपाने पोहोचली. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे जिल्ह्यांना वाटले गेले आणि ते खाली उतरत शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्या माथी आले. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८१ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, असे करणारे हे पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा होऊ शकले नाही. हे विधेयक कोणा हुकूमशहाच्या फर्मानाने आलेले नव्हते. निवडून आलेल्या सभागृहांनी रीतसर मतदानाने ते संमत केले होते, आणि ते अडले ते वरच्या एका सहीवर. ‘निर्णय कोण घेतो’ या प्रश्नाने चालणाऱ्या वर्गीकरणाला हे प्रकरण पेलत नाही.

म्हणूनच आणीबाणीविषयी कोष्टकांत एकवाक्यता नाही. ‘फ्रीडम हाउस’ या संस्थेने भारताला त्या दोन वर्षांपुरते ‘अंशतः मुक्त’ देशांत ढकलले. सत्तांतर निवडणुकीने होते की नाही एवढेच पाहणारे अ‍ॅडम प्शेवोर्स्की आणि त्यांचे सहकारी भारताला अखंड लोकशाहीच मानतात, कारण मार्च १९७७ मध्ये सरकार मतदानात हरले आणि पायउतार झाले. त्यांच्या कसोटीत एक गोम आहे: १९७६ मध्ये भारत लोकशाही होता की नाही, हे १९७७ चे निकाल लागल्यावर ठरते. येरवड्यातल्या स्थानबद्धाला ही वाट पाहण्याची सोय नव्हती. अलीकडे स्वीडनमधील ‘व्ही-डेम’ या संस्थेने २०२१ च्या अहवालात भारताची गणना निवडणुकी एकाधिकारशाहीत केली आणि भारत सरकारने ती अमान्य केली. तज्ज्ञांच्या मतांवरून काढलेल्या अशा अंकांत मत देणारा कोण आणि तो काय वाचतो याला फार महत्त्व येते, आणि वादाचा बराच भाग तेथेच अडकला आहे.

१९७७ ची निवडणूक सरकारने घेतलीच का, याचे एक उत्तर रोनाल्ड विंट्रोब यांच्या विवेचनात सापडते: भय जितके वाढते, तितके लोक राज्यकर्त्याला खरे सांगेनासे होतात, आणि राज्यकर्ता आपल्या लोकप्रियतेविषयी आपल्याच पहाऱ्यामुळे आंधळा होतो. वृत्तपत्रे गप्प केल्यावर दिल्लीला गावोगावचा राग कळण्याचा मार्गच उरला नव्हता. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २० मिळाल्या. पुण्यातून मोहन धारिया आणि बारामतीतून संभाजीराव काकडे जनता पक्षातर्फे निवडून गेले. मात्र शेजारच्या खेड मतदारसंघाने काँग्रेसचे अण्णासाहेब मगर यांना निवडले, यावरून हा उद्रेक उत्तरेइतका सरसकट नव्हता हेही दिसते. सहकारी संस्था, बाजार समित्या आणि जिल्हा परिषद यांची घडी येथे मोडली नव्हती.

पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून तेथे ‘सशस्त्र उठाव’ घातला, जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरवले, आणि स्थानबद्धांची दाद नाकारणारा १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात स्पष्ट शब्दांत मोडीत काढला. त्याच दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेवरील निर्बंध अधिक कडक केले होते. ते कलम अमलात आणण्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. महाराष्ट्रात १९८१ च्या एमपीडीए या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याने काढलेला स्थानबद्धतेचा हुकूम राज्य सरकारने बारा दिवसांत मान्य केला आणि पुढे सल्लागार मंडळाने तो उचलून धरला, की खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत माणूस आत ठेवता येतो, आणि पुणे जिल्ह्यातील तालुक्यांच्या बातम्यांत ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध’ हे शब्द आजही नित्याचे आहेत.